ठराविक वजावट कीं कलमवार वजावट?

ज्या घरचीं मुलें आज नोकरीसाठीं किंवा शिक्षणासाठीं अमेरिकेंत आहेत अशीं कुटुंबें पुण्यामुंबईंतच काय, पण सातारा-सोलापुराकडेहि आतां विरळ राहिलेलीं नाहींत. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास त्या मुलांच्या बोलण्यांत एक तक्रार हटकून येते. थंडीची तक्रार तोंवर जुनी झालेली असते. ही तक्रार असते कराच्या कागदांची. १५ एप्रिलच्या आंत मागील वर्षाच्या प्राप्तीचें विवरणपत्र तिकडील सरकारास सादर करावयाचें असतें, आणि तें भरीत असतांना एका ओळीपाशीं मनुष्य अडून बसतो. त्या ओळींत सरकार जणूं त्याला विचारतें कीं, ठराविक वजावट हवी कीं कलमवार वजावट हवी? दोहोंपैकीं एकच पदरांत पडते. आजच्या भाषणाचा विषय ही एक ओळच आहे.

वजावट म्हणजे काय हें आधीं सांगितलेलें बरें. मनुष्याच्या सगळ्या प्राप्तीवर कर बसत नाहीं. प्राप्तींतून कांहीं रक्कम कायद्यानें सोडून दिलेली असते आणि उरलेल्या रकमेवर काय तो कर. अमेरिकेच्या कायद्यांत ही सोडून दिलेली रक्कम दोन रीतींनीं मिळूं शकते. पहिल्या रीतींत सरकारनें एक आंकडा ठरवून ठेवलेला आहे. खर्च झाला असो वा नसो, पावती असो वा नसो, तेवढी रक्कम वजा करावी आणि मोकळें व्हावें. हिला तिकडे स्टँडर्ड डिडक्शन म्हणतात. दुसऱ्या रीतींत घरकर्जाचें व्याज, राज्याचे व गांवचे कर, दानधर्म, औषधपाणी असा कायद्यास मान्य असलेला एकेक खर्च कलमवार मांडावयाचा आणि त्यांची बेरीज वजा करावयाची. या यादीच्या कागदास शेड्यूल ए असें नांव आहे.

शाळा तपासण्यास फिरतीवर निघालेल्या एखाद्या दिपोटीस वरिष्ठांनीं सांगितलें कीं, "दिवसाचा ठरलेला भत्ता घ्या, नाहीं तर बैलगाडीच्या भाड्यापासून धर्मशाळेंतील दिवाबत्तीपर्यंत सर्व खर्चाचीं बिलें आणा, मात्र दोन्ही मागूं नका," तर तो दिपोटी जो विचार करील तोच विचार अमेरिकेंतील करदात्यास करावा लागतो. बिलांची बेरीज भत्त्याहून अधिक भरली तर बिलें, नाहीं तर भत्ता. तत्त्व इतकें सोपें आहे. घोटाळा होतो तो बेरजेंत काय धरावयाचें आणि काय नाहीं, येथें.

आपल्याकडील नोकरदार वाचकांचा आणखी एक घोटाळा होण्यासारखा आहे. भारतांतहि पगारदारास ठराविक वजावट आहे. ती १९७४ च्या अर्थविधेयकानें आली, मध्यंतरीं कांहीं वर्षें बंद होती, आणि २०१८ च्या अंदाजपत्रकानें पुन्हां सुरू झाली. परंतु आपल्या जुन्या करपद्धतींत ती घेऊनहि विम्याचे हप्ते, भविष्यनिर्वाह निधि इत्यादींची वजावट वेगळी मागतां येते. अमेरिकेंत तसें नाहीं. नांव एकच असलें तरी तेथें ती 'हें किंवा तें' अशी आहे. २०२० पासून आपल्याकडे जुनी व नवी अशा दोन करपद्धतींमधून जी निवड करावी लागते, तिच्याशीं या अमेरिकन निवडीचें साम्य अधिक आहे.

ही दुहेरी व्यवस्था मुळांत नव्हती. १९१३ च्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या राज्यघटनेची सोळावी दुरुस्ति मंजूर झाली आणि त्याच वर्षीं प्राप्तीवरील कराचा कायदा झाला. एकट्या माणसास ३,००० डॉलर व विवाहितास ४,००० डॉलर इतकी प्राप्ति त्या वेळीं माफ होती. त्या काळच्या मानानें ही रक्कम एवढी मोठी होती कीं, कारकून, कामगार किंवा शाळामास्तर यांस या कराशीं कांहीं कर्तव्यच नव्हतें. कर देणारा मनुष्य श्रीमंत असे, त्याच्या पदरीं हिशेबनीस असे, आणि तो कर्जावरील व्याज, इतर कर वगैरे कलमें बिनचूक मांडून देई. १९१७ मध्यें, पहिल्या महायुद्धाच्या भरांत, दानधर्माचें कलम या यादींत आलें. औषधोपचाराच्या खर्चाचें कलम १९४२ सालचें आहे.

दुसऱ्या महायुद्धानें सगळें चित्र पालटलें. युद्धासाठीं पैसा हवा म्हणून माफीची मर्यादा खालीं ओढण्यांत आली आणि श्रीमंतांचा कर सर्वांचा कर होऊन बसला. १९३९ मध्यें ७५ लाखांच्या आसपास विवरणपत्रें येत असत, तीं १९४५ पर्यंत ५ कोटींच्या घरांत गेलीं. १९४३ मध्यें पगारांतूनच कर कापून घेण्यास आरंभ झाला. आतां कारखान्यांतील फिटर, दुकानांतील विक्रेता, शेतावरचा मनुष्य यांनीं वर्षभराच्या पावत्या जपून ठेवाव्या आणि सरकारी कारकुनांनीं त्या पांच कोटि याद्या तपासाव्या, हें कसें शक्य व्हावें? म्हणून १९४४ च्या कायद्यानें ठराविक वजावट निर्माण केली. प्राप्तीच्या दहा टक्के, परंतु ५०० डॉलरपेक्षां अधिक नाहीं, असें तिचें मूळ माप होतें. सामान्य माणसाचे मान्य खर्च साधारण एवढेच भरत असतील अशा ठोकळ अंदाजावर तें बेतलेलें होतें. दान दिलें नाहीं तरी वजावट मिळणार असेल तर लोक दान देतील काय, अशी शंका धर्मादाय संस्थांनीं तेव्हांच काढली होती. ती शंका आजतागायत मिटलेली नाहीं.

मधल्या वर्षांतील फेरफार सोडून द्यावेत. ते पुष्कळ आहेत आणि रुक्ष आहेत. दोनच सांगितले पाहिजेत. १९८६ च्या सुधारणेनें खाजगी कर्जांवरील व्याज यादींतून काढून टाकण्याचें ठरलें, परंतु राहत्या घराच्या कर्जाचें व्याज ठेवलें. म्हणजे मोटारीचें कर्ज किंवा दुकानदाराची उधारी यांवरील व्याजाला वजावट उरली नाहीं, घराला मात्र राहिली. दुसरा फेरफार २०१७ च्या डिसेंबरांतील. त्या कायद्यानें विवाहित जोडप्याची ठराविक वजावट १२,७०० डॉलरवरून २०१८ सालापासून २४,००० वर नेली, आणि त्याच हातानें माणशीं ४,०५० डॉलरची जी वेगळी माफी होती ती काढून घेतली. शिवाय राज्याचा कर आणि घरपट्टी मिळून १०,००० डॉलरपेक्षां अधिक वजा करूं नये अशी मर्यादा घातली. एकट्यासहि दहा हजार आणि नवराबायकोसहि दहा हजारच! लग्न करणाऱ्याला हा दंड कां, हें त्या कायदेमंडळासच ठाऊक. परिणाम असा झाला कीं, त्यापूर्वीं दहांपैकीं सुमारें तिघेजण कलमवार यादी करीत, ते प्रमाण एका वर्षांत दहांपैकीं एकावर आलें.

४ जुलै २०२५ रोजीं झालेल्या कायद्यानें हे आंकडे पुन्हां हलविले. २०२५ सालच्या प्राप्तीसाठीं ठराविक वजावट एकट्यास १५,७५० डॉलर आणि एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्यास ३१,५०० डॉलर अशी आहे. २०२६ साठीं तीच अनुक्रमें १६,१०० व ३२,२०० आहे. राज्यकर व घरपट्टीची मर्यादा २०२५ पुरती १०,००० वरून ४०,००० वर गेली. पुढें ती दरसाल एक टक्क्यानें वाढावयाची आणि २०३० मध्यें पुन्हां १०,००० वर यावयाची आहे. पांच लाख डॉलरहून अधिक प्राप्ति असणाऱ्यांस ही सवलत क्रमाक्रमानें कमी होते.

आंकडे नुसते ऐकून कोणाच्या लक्षांत राहत नाहींत, तेव्हां एक कुटुंब कल्पून पाहूं. नवरा पुण्याचा, बायको साताऱ्याची; दोघेंहि न्यू जर्सी राज्यांत नोकरीला. दोघांची मिळून वार्षिक प्राप्ति १,७०,००० डॉलर. २०२४ अखेरपर्यंत तीं भाड्याच्या घरांत राहत होतीं. भाडें महिना २,५०० डॉलर, म्हणजे वर्षाचे ३०,०००. एवढी मोठी रक्कम. परंतु केंद्र सरकारच्या यादींत भाड्याला जागाच नाहीं. राज्याचा कर ६,००० आणि दानधर्म १,५०० मिळून त्यांची यादी ७,५०० वर संपे, आणि ठराविक वजावट होती २९,२००. विचार करण्याचें कारणच नव्हतें. भाडेकरूच्या बाबतींत न्यू जर्सी राज्याचा कायदा केंद्राहून थोडा अधिक कनवाळू आहे: भाड्याचे १८ टक्के ही घरपट्टीच आहे असें मानून तेवढी रक्कम राज्याच्या करांत वजा करूं देतो. या जोडप्यास तो नियम दोन वर्षें ठाऊकच नव्हता.

२०२५ च्या जानेवारींत त्यांनीं घर घेतलें. तें घेतांना मित्रमंडळींनीं जो उपदेश केला त्यांत एक वाक्य वारंवार येत असे: घरामुळें कर वाचतो. नवऱ्यानें कागद घेतला आणि हिशेब मांडला. वर्षाचें व्याज २५,००० डॉलर. आपल्या प्राप्तीच्या वरच्या थराला कराचा दर २२ टक्के. सबब वाचले ५,५०० डॉलर. तो मनांतून खूष झाला. बायकोनें तोच कागद पुढें ओढला आणि म्हणाली, "अहो, सगळ्या व्याजावर बावीस टक्के कसे मोजतां? घर नसतें तरी साडेएकतीस हजार आपल्याला मिळतच होते कीं! ते आधीं बाजूला काढा."

तिचें म्हणणें बरोबर होतें, आणि या सबंध विषयाची किल्ली तेथें आहे. त्यांची २०२५ ची यादी अशी: घरकर्जाचें व्याज २५,०००, घरपट्टी ११,००० व राज्याचा कर ६,००० मिळून १७,०००, दानधर्म १,५००. एकूण ४३,५००. ठराविक वजावटीपेक्षां ती १२,००० नीं अधिक. त्यावर २२ टक्के म्हणजे २,६४० डॉलर. खरा लाभ एवढाच. निराळ्या रीतीनें पाहिलें तर, व्याज सोडून त्यांचीं कलमें १८,५०० भरत होतीं. व्याजाचे पहिले १३,००० डॉलर ठराविक वजावटीचा खड्डा भरण्यांतच खर्ची पडले आणि उरलेल्या १२,००० चें काय तें चीज झालें. पंचवीस हजार सावकारास देऊन सव्वीसशें चाळीस सरकाराकडून वाचविणें याला कर वाचविणें म्हणावयाचें असेल तर खुशाल म्हणावें! घर घेण्यास दुसरीं चांगलीं कारणें आहेत, आणि या जोडप्यापाशीं तीं होतीं. हें कारण मात्र सांगतात तितकें मोठें नव्हे. २०२५ च्या कायद्यानें दहा हजारांची मर्यादा उठविली नसती तर यादी ३६,५०० वरच थांबली असती आणि लाभ १,१०० डॉलर उरला असता.

शिवाय हा लाभ वर्षागणिक झिजत जातो. तीस वर्षांच्या कर्जांत पहिल्या वर्षांचे हप्ते बहुतेक व्याजाचे असतात आणि पुढें पुढें मुद्दल अधिक फिटूं लागतें. साडेसहा टक्क्यांच्या कर्जांत विसाव्या वर्षाच्या सुमारास व्याज पहिल्या वर्षाच्या निम्म्याजवळ येतें. उलट ठराविक वजावटीचा आंकडा महागाईच्या मानानें दरसाल वाढविला जातो. एक रेघ उतरत जाते, दुसरी चढत जाते. आणि एके वर्षीं शेड्यूल एचा कागद फाडून टाकण्याची वेळ येते. बऱ्याच लोकांना तें वर्ष निघून गेल्याचें कळत नाहीं. संवयीनें ते पावत्या गोळा करीतच राहतात.

आतां यादींत काय बसत नाहीं तें पाहूं, कारण परदेशांतील आपल्या माणसांना ठेंच लागते ती येथेंच. हें जोडपें साताऱ्यास बायकोच्या आईला महिना ३०० डॉलर पाठवितें. तिला मधुमेह आहे, डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. औषधांचीं बिलें नीट फाईल करून ठेवलेलीं आहेत. त्यांपैकीं एकहि बिल यादींत चालत नाहीं. औषधोपचाराच्या कलमांत आपल्यावर अवलंबून असलेल्या आईचा खर्च धरतां येतो. परंतु ती अमेरिकेची नागरिक किंवा रहिवासी, निदान कॅनडाची वा मेक्सिकोची रहिवासी असली पाहिजे. साताऱ्याची आई त्या व्याख्येंत येत नाहीं. मुलीला हें वाचून वाईट वाटलें. आईच्या दुखण्याला पोसणारी ती एकटी. कायद्याच्या लेखीं मात्र तिला आईच नाहीं! आणि समजा, आई तेथें रीतसर राहावयास गेली आणि मुलीनें पोसली, तरीहि एकूण प्राप्तीच्या साडेसात टक्क्यांवर जाईल तेवढाच खर्च मोजला जातो. या जोडप्याचे साडेसात टक्के म्हणजे १२,७५० डॉलर. धडधाकट विमा असलेल्या घरांत हें कलम बहुधा कोरेंच राहतें.

नवऱ्याच्या मूळ गांवच्या शाळेला दोन खोल्या बांधावयाच्या होत्या म्हणून त्यानें हजार डॉलर थेट पाठविले. तेहि यादींत येत नाहींत. दानाची वजावट अमेरिकेच्या कायद्याखालीं मान्य झालेल्या तेथील संस्थेस दिलें तरच मिळते. ती संस्था पुढें आपल्या विचारानें पैसा भारतांत खर्च करूं शकते, पण पावती तिची पाहिजे. पुण्याच्या वडिलोपार्जित वाड्याची घरपट्टीहि २०१८ सालापासून वजा होत नाहीं. परदेशांतील घरपट्टी यादींतून तेव्हां वगळण्यांत आली.

तिकडील देवळांत आणि गणेशोत्सवांत दिलेल्या पैशाचें काय, असें पुष्कळजण विचारतात. मान्यताप्राप्त देवस्थान असेल तर दान चालतें. मात्र दानपेटींत टाकलेल्या नोटेचा पुरावा नसल्यामुळें ती देवाकडे पोंचली तरी करखात्याकडे पोंचत नाहीं. रोख दान कितीहि लहान असो, बँकेची नोंद किंवा संस्थेची पावती हवी. २५० डॉलर किंवा अधिक असेल तर संस्थेची लेखी पोंच विवरणपत्र भरण्यापूर्वींच हातीं आलेली असली पाहिजे. आणि पन्नास डॉलरचें तिकीट काढून तीस डॉलरचें जेवण जेवलें असेल, तर दान वीसच डॉलरचें! या नियमावर रागावण्यासारखें कांहीं नाहीं. पंक्तीला बसून उठलेल्यानें सबंध तिकिटाला दान म्हणूं नये हें आपल्यालाहि पटेल.

दानाच्या संबंधांत एक युक्ति २०१८ नंतर फार लोकप्रिय झाली. दरवर्षीं थोडें थोडें देण्याऐवजीं दोन वर्षांचें दान एका वर्षांत द्यावें, त्या वर्षीं कलमवार यादी करावी आणि दुसऱ्या वर्षीं ठराविक वजावट घ्यावी, ही ती युक्ति. युक्ति वाईट नव्हती. परंतु २०२६ पासून नियम बदलले आहेत आणि जुना उपदेश तसाच पाळणाऱ्याचें नुकसान होण्याचा संभव आहे. आतां ठराविक वजावट घेणारासहि रोख दानापैकीं एकट्यास १,००० व जोडप्यास २,००० डॉलर वरून वजा करतां येतात. उलट यादी करणाराचें दान मात्र प्राप्तीच्या अर्ध्या टक्क्यावर जाईल तेवढेंच मोजलें जातें. १,६०,००० डॉलर प्राप्तीचें एक जोडपें घ्या, ज्याचीं दानाखेरीज इतर कलमें २६,००० भरतात आणि जें दरसाल ५,००० दान देतें. दोन्ही वर्षें त्यानें सरळ ठराविक वजावट घेतली तर दरसाल ३२,२०० अधिक २,००० असे ३४,२००, दोन वर्षांचे ६८,४००. दोन वर्षांचें दान एकदम दिलें तर दहा हजारांतून अर्धा टक्का म्हणजे ८०० जाऊन ९,२०० उरतात. त्या वर्षाची यादी ३५,२००, दुसऱ्या वर्षाचे ३२,२००, मिळून ६७,४००. (दुसऱ्या वर्षाचा ठराविक आंकडा सोयीसाठीं तोच धरला आहे.) म्हणजे एवढा खटाटोप करून हजार डॉलरची वजावट घालविली! तीन वर्षांचें दान एकत्र केलें तर थोडा फायदा निघतो, पण तोहि २२ टक्के दरानें तीन वर्षांत मिळून चारशें-साडेचारशें डॉलरचा. पांच हजारांवर वर्षभर अवलंबून असलेल्या एखाद्या संस्थेला त्यासाठीं दोन वर्षें कोरडी ठेवावी काय, हा प्रश्न हिशेबाचा नाहीं. तो ज्याचा त्यानें सोडवावा.

वृद्धांची गोष्ट थोडक्यांत सांगतां येते. पासष्ट वर्षें पूर्ण झालेल्यास ठराविक वजावट मुळांतच अधिक असते. २०२५ मध्यें दोघेंहि पासष्टीपुढचीं असलेल्या जोडप्याची ती ३४,७०० होते. याशिवाय २०२५ ते २०२८ या चार वर्षांपुरती, मध्यम प्राप्तीच्या वृद्धांस माणशीं ६,००० डॉलरची एक निराळी वजावट आहे, आणि ती दोहोंपैकीं कोणतीहि रीत पत्करली तरी मिळते. कर्ज फिटलेलें, मुलें दूर गेलेलीं, अशा घरांत यादी एवढ्या उंचीला सहसा पोंचत नाहीं. मोठें दुखणें किंवा शुश्रूषागृहाचा खर्च ज्या वर्षीं येतो त्या वर्षीं मात्र पोंचूं शकते. आणि नेमक्या त्याच वर्षीं कागद सांभाळण्याचें त्राण घरांत कोणाला नसतें. अशा घरच्या मुलांनीं तें काम आपणांकडे घ्यावें.

कांहीं आडनियम जातां जातां सांगितले पाहिजेत. नवराबायको वेगवेगळें विवरणपत्र भरीत असतील आणि एकानें कलमवार यादी केली, तर दुसऱ्यालाहि ठराविक वजावट मिळत नाहीं. मग त्याची यादी कोरी कां असेना. एकानें सगळीं कलमें आपल्याकडे घ्यावीं आणि दुसऱ्यानें ठराविक रक्कम घ्यावी, ही चतुराई तेथें कोणीं तरी पूर्वींच करून पाहिलेली दिसते. राज्याचा कर यादींत वजा केला आणि पुढल्या वर्षीं त्यांतला कांहीं परत आला, तर तो परतावा प्राप्तींत मोजावा लागूं शकतो. ठराविक वजावट घेणाराला ही कटकट नाहीं. व्हर्जिनियासारख्या राज्यांत केंद्राच्या पत्रांत जी रीत धरली तीच राज्याच्या पत्रांत धरावी लागते, म्हणून दोन्हीं पत्रांचा हिशेब एकत्र करून पाहावा लागतो.

आतां विद्यार्थ्यांविषयीं. वरील कुटुंबांतील बायकोचा धाकटा भाऊ टेक्सस राज्यांत शिकावयास आहे. विद्यापीठांत शिकविण्याच्या कामाबद्दल २०२४ सालीं त्याला १८,००० डॉलर मिळाले. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें विद्यार्थी म्हणून आलेला परदेशी मनुष्य पहिलीं पांच वर्षें अनिवासी समजला जातो, आणि अनिवाशास ठराविक वजावट मिळत नाहीं असा सर्वसाधारण नियम आहे. त्याला यादीच करावी लागते. आणि टेक्ससांत राज्याचा प्राप्तीवर करच नसल्यामुळें या मुलाच्या यादींत लिहिण्यासारखें कांहीं नव्हतें. त्याच्या खोलींतील सोबती दुसऱ्या देशाचे होते. त्यांचें पाहून त्यानेंहि वजावटीच्या ओळींत शून्य लिहिलें आणि सगळ्या १८,००० वर १,९२८ डॉलर कर भरला.

परंतु भारत आणि अमेरिका यांच्यामध्यें १९८९ सालीं नवी दिल्ली येथें करांविषयीं जो करार झाला, त्यांत भारतीय विद्यार्थ्यांसाठीं एक असें कलम आहे कीं, जें अन्य देशांच्या विद्यार्थ्यांच्या वांट्यास सहसा आलेलें नाहीं. त्या कलमान्वयें भारतीय विद्यार्थी अनिवासी असूनहि रहिवाशाप्रमाणें ठराविक वजावट घेऊं शकतो. २०२४ साठीं ती १४,६०० डॉलर होती. ती घेतली असती तर कर बसावयास ३,४०० डॉलर उरले असते आणि पहिल्या थराच्या दहा टक्क्यांनीं कर झाला असता ३४० डॉलर. फरक १,५८८ डॉलरचा; विद्यार्थ्याच्या संसारांत दोन-तीन महिन्यांच्या खोलीभाड्याएवढा.

बहिणीला हें तिचें स्वतःचें विवरणपत्र भरतांना सूचनांची पुस्तिका चाळीत असतां सांपडलें. तिनें त्याच रात्रीं भावाला दूरध्वनि केला. भावाला वाटलें, सरकारी तिजोरींत गेलेला पैसा गेला. पण तेथील कायद्यांत विवरणपत्र भरल्यापासून साधारण तीन वर्षांच्या आंत दुरुस्तीचें पत्र देतां येतें; त्याला १०४०-एक्स असा नमुना आहे, आणि त्या पत्रानें घेतलेली वजावट बदलतां येते, राहून गेलेली मागतांहि येते. बहिणीनें नमुन्याचा आंकडा सांगितला, दुरुस्त पत्रासोबत पुन्हां भरून जोडावयाच्या कागदावर वजावटीच्या ओळीशेजारीं कराराचा उल्लेख कसा करावयाचा तें सांगितलें, आणि कलम २१, पोटकलम २, असें त्याच्याकडून दोनदां म्हणून घेतलें.